ईकोतला मुक्काम : चौदा महिन्यांनी मांडलेला हिशेब

२०२४ च्या दिवाळी पाडव्याला मारुतीची ईको व्हॅन घेतली. पाच सीटची, पेट्रोल, एसी. तेव्हापासून १४ महिने, सव्वासोळा हजार किलोमीटर आणि गाडीत काढलेल्या ३१ रात्री. कॅम्पर म्हणून, म्हणजे आतच मुक्काम करायची गाडी म्हणून वापरायची हे घेतानाच ठरलं होतं, म्हणून सीएनजी घेतली नाही. सिलिंडर डिकीत बसतो, आणि आम्हाला नेमकी तीच जागा हवी होती. शोरूममधल्या पोराला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "सर, ईको पेट्रोलवर कोण घेतंय?" त्याचंही खरंच होतं म्हणा. सपाटीला १६ देते, घाटात १३ च्या वर जात नाही.

आधी तयार कॅम्पर बघून आलो होतो. पुण्यात एका बॉडीवाल्याकडं, ट्रॅव्हलर मिनीबसवर केलेली. आत संडास, शॉवर, दोन शेगड्या, सगळं. आकडा २८ लाख, गाडी धरून. बाहेर आल्यावर हिनं एवढंच विचारलं, "एवढ्यात हॉटेलात किती दिवस राहता येईल?" रात्रीला अडीच हजार धरले तर ११२० रात्री. चहा पिऊन आम्ही कोल्हापूरची वाट धरली.

तेव्हापासून मला किमतींचा नाद लागला. जर्मनीत फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया नावाची कॅम्पर १९८८ साली आली ती ३९,९०० मार्कांना. युरो आला तेव्हाच्या दरानं तिचे साधारण २०,४०० युरो होतात. आज नवी घ्यायला गेलं तर सुरुवातच ६० हजार युरोच्या पुढं. म्हणजे तिप्पट, आणि तेवढ्याच काळात तिकडची महागाई मात्र दुपटीच्या आसपास. म्हणजे कॅम्पर खरोखरच महागली. अर्थात १९८८ च्या गाडीत एअरबॅग वगैरे प्रकार नव्हता, तेवढं माप आजच्या गाडीच्या पदरात टाकायला हवं.

पण मला जास्त भावली ती त्याआधीची गोष्ट. १९५१ साली वेस्टफालिया या जर्मन कंपनीनं त्याच फोक्सवॅगन व्हॅनसाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. काढता-घालता येणारं फर्निचर. आठवडाभर गाडीनं माल वाहायचा आणि रविवारी बॉक्स आत सरकवून फिरायला निघायचं. हे वाचलं आणि मला आबांची मॅटॅडोर आठवली. गूळ घेऊन मार्केट यार्डात जायची, आणि जोतिबाच्या यात्रेला त्याच हौद्यात पोती अंथरून आम्ही अकरा जण झोपायचो. गुळाचा वास अंगाला दोन दिवस राहायचा. आमचा कॅम्पिंग बॉक्स म्हणजे ती पोती.

मग तसंच करायचं ठरवलं. यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि कॅम्पर म्हणून नोंद करायची तर एआयएस-१२४ या कॅम्पर गाड्यांसाठीच्या मानकाच्या नियमांत बसावं लागतं. आमचा बॉक्स, म्हणजे वर गादी टाकायची सुटी चौकट, हे निव्वळ सामान. मागची सीट आठवडाभर जागेवर असते. शुक्रवारी रात्री काढून पडवीत ठेवतो. चार बोल्ट, पंधरा मिनिटं. पहिल्यांदा पाऊण तास लागला होता आणि एक बोल्ट गटारीत गेला.

बॉक्स उद्यमनगरात करून घेतला. पहिली फ्रेम लोखंडी, एक इंची चौकोनी पाइपची, प्लायसकट ६२ किलो. दोघांनी उचलून आत घालायची म्हणजे फिरायला जाण्याआधीच कंबर धरायची. शिवाय फुलेवाडीचा खड्डा लागला की आत भजन सुरू. दुसऱ्यांदा ॲल्युमिनियमच्या सेक्शनची केली, सांध्यांत रबर घातलं आणि प्लाय १२ मिलीचा घेतला. आता तीन तुकडे आहेत, कुठलाच १४ किलोच्या वर नाही. हे आधीच का सुचलं नाही, हे विचारू नका. वेल्डर पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मालक, लोखंड लई होतंय." मीच ऐकलं नाही.

गाडीचं खरं रूप पावसात कळलं. जुलैत गगनबावड्याला गेलो, घाटाच्या अलीकडं मुक्काम. काचा बंद करून झोपलो. पहाटे हिच्या कपाळावर थेंब पडला म्हणून लाइट लावला तर पत्र्याला आतून घाम फुटलेला, काचांवरून ओघळ, गादीची एक कड पिळावी अशी. पाऊस आत आला नव्हता. आमचाच श्वास होता तो. आता दोन्ही सरकत्या दरवाज्यांच्या काचा बोटभर उघड्या ठेवतो, त्यावर बाहेरून छोटं छप्पर, आत लोहचुंबकाची मच्छरदाणी आणि एक पंखा रात्रभर. गादीखाली सपाट प्लाय होता, तिथं पट्ट्या मारल्या. ऑगस्टमध्ये राधानगरीला झोपलो तेव्हा गादी कोरडी.

त्याच पावसाळ्यात फ्रीज-पंख्याच्या वायरिंगनंही रंग दाखवला. ज्यानं केलं त्यानं बॅटरीजवळ फ्यूजच घातला नव्हता. गरम प्लास्टिकचा वास आला, बघतो तर रिले वितळलेला. बॅटरीची वायर उपटली म्हणून निभावलं. परत आल्यावर त्याच्याकडं गेलो तर म्हणतो, "फ्यूज तुम्ही सांगितला नव्हता." कोल्हापुरात वाद घालायला वेळ कुणालाही असतो, पण मी घातला नाही. दुसऱ्याकडून सगळं नव्यानं ओढून घेतलं.

वीज मात्र सुखाची बाब. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, बारा किलोची. इन्व्हर्टरची जुनी ॲसिडवाली असती तर निम्मीच वापरता आली असती आणि वजन तिप्पट-चौपट. छोटा फ्रीज दिवसाला साधारण ५४० वॅट-अवर खातो, बॅटरीत १२८० असतात, म्हणजे दोन रात्री निघतात. टपावरचा १०० वॅटचा पॅनल जानेवारीत चांगलं काम करतो, जुलैत नुसता शोभेला. तेव्हा इंजिनावरच चार्ज करावी लागते. सगळं महागलं म्हणतात, पण लिथियम बॅटरीचा पॅक २०१० साली दर किलोवॉट-अवरला हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ ला ११५ वर आला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा फ्रीज माझ्या ऐपतीत नव्हता. आज बांगड्याचं कालवण तारकर्लीहून घरापर्यंत थंडगार येतं.

आता गाडीच्या किमतीचं. मी सोन्यात हिशेब केला. १० ग्रॅमचा तोळा धरा. १९८३ ला मारुती ८०० आली ४७,५०० ला, तेव्हा सोनं दोन हजारांच्या आत. पंचवीसेक तोळे. २०१० ला ईको आली दोन लाख साठ हजारांच्या आसपास, सोनं सतरा हजार. पंधरा तोळे. माझी शोरूमची किंमत ५ लाख ७० हजार आणि त्या पाडव्याला गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, भाव ७९ हजार. सात तोळे! मी हे मोठ्या तोऱ्यात आबांना सांगितलं. आबा सुपारी कातरत होते. म्हणाले, "सोन्यानं मोजलंस तर भाकरीबी स्वस्तच झाली की रं."

मग पगारात मोजलं. पतसंस्थेत २०१० ला मला ९ हजार होते, म्हणजे ईको २९ महिन्यांची. आता ३४ हजार, म्हणजे १७ महिन्यांची. आबांना हे पटलं. एअरबॅग आणि एबीएस वर मिळालं, तेव्हाच्या ईकोत ते नव्हतं. थोडक्यात, आपल्याकडं ही साधी गाडी महागलेली नाही. महाग पडते ती तिच्या आतली सुतारकी, दुसऱ्याकडून तयार घेतली तर. माझा बॉक्स, बॅटरी, फ्रीज, वाया गेलेली लोखंडी फ्रेम, दोनदा झालेलं वायरिंग, सगळं मिळून १ लाख २२ हजार. संडास-शॉवर नाही, हे कबूल. पेट्रोल पंप आणि देवस्थानांचे भक्तनिवास जिंदाबाद.

एक सल मात्र आहे. ईकोवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस मी भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते १८ झालं. शेजाऱ्यानं दसऱ्याला घेतली आणि पेढे द्यायला आला. पेढा गोड होता.

बाकी तक्रारी दोन. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यानं एप्रिलमध्ये बूड शेकतं, त्याला इलाज नाही. आणि बॉक्सवर बसलं की डोकं टपाला लागतं. नरसोबाच्या वाडीला आबा रात्री उठले आणि टपाला असा दणका बसला की मीच जागा झालो. बॉक्स दोन इंच खाली घ्यायचाय. वेल्डर पोराकडं जाऊन आलो, तर दारात ऊसाच्या चार ट्रॉल्या उलट्या पडलेल्या. म्हणाला, "कारखाना बंद होऊ दे मालक, मग बघू. तोवर आबास्नी टोपी घालायला सांगा."