प्रयोगशाळेसाठी फलित अंडी : पुण्याजवळच्या एका उबवणी केंद्राची सेवा

कोंबडीच्या गर्भावरणावर केलेल्या प्रयोगांचे प्रबंध वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. रसायने कुणाची, सूक्ष्मदर्शक कोणता, रक्तवाहिन्या कोणत्या सॉफ्टवेअरने मोजल्या, हे सारे काटेकोरपणे लिहिलेले असते; अंड्यांबद्दल मात्र ‘स्थानिक पुरवठादाराकडून घेतली’ एवढेच वाक्य असते. या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची सामग्री अंडे हीच आहे असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच आमच्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेला फलित अंडी पुरवणाऱ्या, पुण्याजवळच्या एका खासगी उबवणी केंद्राच्या सेवेविषयी येथे लिहीत आहे.

गर्भाची कोरिऑन आणि ॲलँटॉइस ही दोन आवरणे उबवणीच्या पहिल्या आठवड्यात जुळतात आणि त्यांतून जो पडदा तयार होतो, त्याला प्रयोगशाळेत सगळेच ‘कॅम’ म्हणतात. कवचाच्या आतून पसरणाऱ्या या पडद्यावर गर्भाचे श्वसन अवलंबून असल्यामुळे त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि कवचाला छोटी खिडकी पाडली की ते सरळ डोळ्यांपुढे येते. गर्भाची रोगप्रतिकारशक्ती तोवर परिपक्व झालेली नसते, म्हणून त्यावर ठेवलेल्या परक्या पेशीही तग धरतात. पेटन राउस आणि जेम्स मर्फी यांनी १९११ साली कोंबडीतील कर्कगाठ गर्भात वाढवून दाखवली. अर्नेस्ट गुडपाश्चर आणि ॲलिस वुड्रफ यांनी १९३१ साली नॅशव्हिल येथे कोंबड्यांच्या देवीचा विषाणू याच पडद्यावर वाढवला. पुढे १९७० च्या दशकात ज्यूडा फोकमन यांच्या बोस्टनमधील कामामुळे गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्यांच्या अभ्यासासाठी ही पद्धत जगभर रुजली. महागडा प्राणिकक्ष नसलेल्या महाविद्यालयालाही ती परवडते, ही तिची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू आहे.

परवडते खरी, पण अंडी चांगली असतील तरच. बाजारातील खाण्याची अंडी येथे निरुपयोगी ठरतात, कारण अंड्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या पोल्ट्रीत कोंबडे ठेवतच नाहीत आणि ती अंडी फलित नसतात. फलित अंड्यांतही फरक असतो, आणि या केंद्राचे वेगळेपण मला तेथेच जाणवले. येथे प्रत्येक ट्रेवर अंडी गोळा केल्याची तारीख लिहिलेली असते आणि ती पंधरा ते अठरा अंश तापमानाच्या शीतखोलीत ठेवली जातात. ही बाब वरवर किरकोळ वाटेल, पण सुमारे २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ हळूहळू सुरू होऊ लागते. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या शेडमध्ये पडून राहिलेली अंडी इन्क्युबेटरमध्ये जाण्यापूर्वीच कमीजास्त वाढलेली असतात आणि त्यांतील बरेच गर्भ नंतर दगावतात. आठवडाभरापेक्षा अधिक साठवलेल्या अंड्यांत वाढ मंदावते, ती अडचण वेगळीच. आपण आठव्या दिवशी औषध लावतो तेव्हा सगळे गर्भ खरोखर आठ दिवसांचे असतील, याची हमी शेवटी या तारखेवर आणि या शीतखोलीवर अवलंबून असते.

वाहतुकीचीही काळजी घेतलेली दिसते. रुंद टोक वर ठेवून भरलेले ट्रे सकाळच्या थंड वेळेत निघतात, आणि आल्याबरोबर खोके न उघडता काही तास खोलीच्या तापमानाला ठेवण्याची सूचना चालक न विसरता देतो. थंड अंड्यावर एकदम दमट हवा लागली तर कवचावर पाणी जमते आणि त्या ओलाव्यातून सूक्ष्मजंतू छिद्रांवाटे आत शिरतात, हे त्या माणसाला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांची पांढऱ्या कवचाची अंडी मागितली तर तीच मिळतात, त्यामुळे दिव्याच्या उजेडात रक्तवाहिन्या पाहून खिडकीची जागा ठरवणे सोपे जाते. तपकिरी कवचातून तेवढे स्वच्छ दिसत नाही.

डोळ्यांना होणारा दाह तपासण्याच्या चाचणीत या एकसारखेपणाची खरी परीक्षा होते. सशाच्या डोळ्यावरील जुन्या चाचणीला पर्याय म्हणून वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीत पदार्थ पडद्यावर सोडून ३०० सेकंदांच्या आत रक्तस्राव, वाहिन्या विरघळणे आणि रक्त साकळणे कधी सुरू होते, ते घड्याळ लावून पाहतात. भारतात २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी आल्यापासून अशा पद्धतींचे महत्त्व वाढले आहे. एका तुकडीतील पडदे वेगवेगळ्या वयाचे असतील तर ०.१ नॉर्मल इतक्या तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या ठरलेल्या दाहक द्रावणाचे आकडेही विखुरतात, आणि मग अनोळखी पदार्थाबद्दल काहीच खात्रीने म्हणता येत नाही. या केंद्राची अंडी वापरू लागल्यापासून आमच्या नियंत्रण गटातील विखुरणे स्पष्टपणे कमी झाले आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. मातृकळपाचे वय आणि लसीकरण यांची माहिती बिलावर नसते. विचारल्यावर तोंडी मिळते. कोंबडीला दिलेल्या लसींमुळे तयार झालेली प्रतिद्रव्ये बलकात उतरतात, म्हणून विषाणू वाढवणाऱ्यांनी येथील अंडी घेऊ नयेत, विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त कळपाचीच अंडी मागवावीत. तीस अंड्यांच्या ट्रेपेक्षा कमी मागणी स्वीकारली जात नाही, याचा छोट्या प्राथमिक प्रयोगांना त्रास होतो. दर खाण्याच्या अंड्याच्या काही पट आहे, परंतु वाया जाणाऱ्या अंड्यांचे प्रमाण पाहता तो मला रास्त वाटतो. सणांच्या दिवसांत लेगहॉर्नचा पुरवठा अपुरा पडतो आणि मिश्र कवचाचे ट्रे येतात, तेव्हा मागणी दोन आठवडे आधी लेखी नोंदवावी आणि कवचाचा रंग त्यात स्पष्ट लिहावा. लसीकरणाची एक ओळ बिलावर छापावी, अशी विनंती मी केंद्राला केली आहे; रक्तवाहिन्यांवर आणि दाहाच्या चाचण्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना मी हे केंद्र आजही निःसंकोच सुचवते.