व्हेंडरने गौरवलेला सल्लागार नेमला, त्यानंतरचा अनुभव

आमचा डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर न्यायचा होता. त्यासाठी त्याच डेटाबेसच्या व्हेंडरकडून, म्हणजे तो बनवणाऱ्या कंपनीकडून, सन्मान मिळालेले एक सल्लागार आम्ही नेमले. काम होऊन काही महिने झालेत आणि सिस्टीम रोज वापरात आहे, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

तांत्रिक कामाला पूर्ण गुण. महिनाअखेरचा रिपोर्ट तासन्‌तास चालायचा. त्यांनी एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस माहिती कोणत्या पायऱ्यांनी शोधतो याचा आराखडा) उघडला आणि ग्राहक क्रमांकाचा कॉलम एका टेबलात आकडा आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून ठेवलाय, त्यामुळे इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) वापरलाच जात नाही, हे तिथल्या तिथे दाखवलं. कॉलम सारखे केल्यावर तोच रिपोर्ट चहा पिऊन होईपर्यंत तयार होऊ लागला. डेटा क्लाउडवर हलवायच्या टूलमध्ये बग निघाला तेव्हा त्यांनी थेट प्रॉडक्ट टीमला गाठलं. आम्ही सपोर्टच्या तिकिटावर बसलो असतो तर अजून बसलेलेच असतो.

प्रॉडक्ट टीममध्ये अशी ओळख होते ती सन्मानामुळेच. सर्टिफिकेशन म्हणजे परीक्षा. ती कोणीही फी भरून देऊ शकतो. मायक्रोसॉफ्टचा एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल, १९९३ पासून) किंवा व्हीएमवेअरचा व्हीएक्स्पर्ट (२००९ पासून) हे सन्मान मात्र लेख, व्याख्यानं, लोकांच्या अडचणी सोडवणं अशा कामासाठी कंपनी स्वतः निवड करून देते. पगार नसतो, नोकरीही नसते. पण एमव्हीपीला मोफत सॉफ्टवेअर मिळतं, गोपनीयतेचा करार करून नव्या गोष्टी आधी पाहायला मिळतात, आणि दरवर्षी त्याच्या कामाचा नव्याने आढावा घेतला जातो. ज्याच्या नावावर धंदा चालतो तो सन्मान पुढच्या वर्षी राहील का, हे ज्या कंपनीच्या हातात आहे, तिचंच उत्पादन घ्यावं की नाही हे आपण त्याला विचारत असतो.

आमच्या सल्लागारांनी एकही गोष्ट खोटी सांगितली नाही, हे मला ठासून सांगायचंय. कल दिसला तो पर्यायांच्या यादीत. त्यांच्या अहवालात तीन मार्ग होते, तिन्ही त्याच व्हेंडरचे. पोस्टग्रेसक्यूएल या मोफत, ओपन सोर्स डेटाबेसचं नाव कुठेही नव्हतं, आणि आहे तो सर्व्हर अजून वर्षभर चालवता येईल का, याचाही विचार नव्हता. महागडी आवृत्ती घ्यायचं कारण म्हणून टेबलांचं पार्टिशनिंग (मोठं टेबल तुकड्यांत विभागणं) दिलं होतं. आमच्या टीममधल्या एका मुलीने व्हेंडरच्याच कागदपत्रांतला आवृत्त्यांचा तक्ता उघडला, तर ती सोय स्वस्त आवृत्तीतही होती. दाखवल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं आणि शिफारस बदलली. मनात कपट असतं तर वाद घातला असता. महागडीच आवृत्ती हाताळायची सवय झाली की स्वस्तातलं सुचत नाही, एवढंच मला त्यात दिसतं. पण लायसन्सचं बिल आमच्या नावावर येणार होतं.

गोपनीयतेच्या कराराचा मुद्दा जास्त अवघड आहे. आम्ही वापरत असलेली एक सोय पुढे टिकेल का, असं विचारलं तर उत्तर आलं, "त्यावर मला बोलता येणार नाही." त्यांना काही माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. करार पाळणं त्यांचं कर्तव्यच आहे. पण पैसे देणाऱ्या ग्राहकापेक्षा दुसऱ्या कुणाला दिलेला शब्द वरचढ ठरतो, हे नेमणुकीच्या आधीच समोर यायला हवं. आता आम्ही प्रश्न फिरवून विचारतो: "तुम्ही स्वतः नवीन काम आज या सोयीवर उभं कराल का?" याचं उत्तर करार न मोडता देता येतं.

तिसरी बाब पैशांची. बरेच सल्लागार व्हेंडरच्या पार्टनर कंपनीतही (त्याची उत्पादनं विकणाऱ्या किंवा बसवून देणाऱ्या कंपनीत) असतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउडमध्ये 'पार्टनर ॲडमिन लिंक' आहे: आपण ज्या खात्याला प्रवेश देतो त्याला सल्लागार स्वतःचा पार्टनर क्रमांक जोडतो, आणि आपल्या वापराचं श्रेय त्याच्या कंपनीला मिळतं. त्यात बेकायदा काही नाही. ग्राहकाला माहीत असलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं. आमच्या सल्लागारांना त्यांच्या व्हेंडरच्या बाबतीत हे विचारलं तेव्हा त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं; न विचारता सांगितलं असतं तर त्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढला असता.

ओपन सोर्सवाला घ्या म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तोही स्वतःचा सपोर्ट विकतोच. म्हणून आम्ही करारच बदलला. कमिशन, मोफत लायसन्स, प्रवासखर्च, पार्टनरचं नातं हे सगळं लेखी द्यायचं आणि बदललं की कळवायचं. प्रत्येक शिफारशीसोबत दुसऱ्या कंपनीचा निदान एक पर्याय आणि 'काहीच न बदलणं' याचा खर्च मांडायचा. लायसन्स त्यांच्यामार्फत घ्यायचं नाही.

याच अटींवर त्याच सल्लागारांना परफॉर्मन्सचं पुढचं काम दिलंय, आणि त्यांनी अटी आनंदाने स्वीकारल्या. बॅकअपसाठी कोणतं उत्पादन घ्यायचं, हे मात्र त्या व्हेंडरशी संबंध नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतोय.