मोटर वाइंडिंगचं दुकान आणि गूगलवरची नोंद: 14 महिने वापरल्यावर

तासगावात आमचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरून देण्याचं, दुकान आहे. आप्पा, म्हणजे माझे सासरे, कॉइल भरतात. हे, म्हणजे माझे यजमान, विहिरीवर जाऊन मोटर काढतात आणि बसवतात. फोन, बिलं आणि वही माझ्याकडे असते. गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल सर्च आणि मॅपवर दिसणारी दुकानाची नोंदही मीच सांभाळते.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ठरवून येत नाही. द्राक्षाची छाटणी झालेली असते, बागेला पाणी हवं असतं, थ्री फेज लाईट रात्रीची असते आणि नेमकी तेव्हाच मोटर जळते. नेहमीचा मिस्त्री फोन उचलत नसला की माणूस तिथंच बांधावर मोबाइल काढून शोधतो. त्या वेळी आपलं दुकान दिसलं पाहिजे आणि दिसतं ते खरं असलं पाहिजे. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं, हे मला उशिरा कळलं.

नोंद करायला एक रुपयाही लागत नाही. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, नोव्हेंबर 2021 मध्ये नाव बदललं. वेगळं ॲपही आता नाही, सगळं गूगल सर्च किंवा मॅपमधूनच करायचं. जुने व्हिडिओ बघून गूगलची स्वतःची चॅट शोधत बसू नका, ती सोय 31 जुलै 2024 ला बंद झाली.

पडताळणीसाठी आम्हाला व्हिडिओ मागितला. तो एका दमात काढायचा असतो, मध्ये तोडायचा नाही. मी रस्त्यावरून सुरुवात केली, शेजारच्या दुकानांच्या पाट्या दाखवल्या, मग आमचा बोर्ड. कुलूप काढून शटर वर केलं, आत वाइंडिंगचं मशीन, तांब्याच्या तारेची रिळं आणि अर्धा भरलेला स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार भरायचा भाग) दाखवला. दुकान खरंच आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडे आहे, एवढं त्यातून दिसावं लागतं. चार-पाच दिवसांत नोंद सुरू झाली.

पहिली चूक वर्गवारीत झाली. मी ‘इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती’ निवडलं होतं, त्यामुळे महिनाभर टीव्ही आणि होम थिएटरवाल्यांचे फोन येत राहिले. मुख्य प्रकार ‘इलेक्ट्रिक मोटर दुरुस्ती’ केला तेव्हा कामाचे फोन सुरू झाले. मुख्य प्रकार एक आणि जोडीला आणखी नऊ देता येतात, पण जे काम करत नाही ते भरू नका.

दुसरी चूक मोठी होती. कुणीतरी सांगितलं म्हणून दुकानाच्या नावापुढे ‘सबमर्सिबल पंप मोटर वाइंडिंग तासगाव सांगली’ असं सगळं जोडलं. नियम असा आहे की बोर्डावर जे नाव आहे तेच द्यायचं. नोंद निलंबित झाली. बोर्डाचा फोटो आणि दुकानाचा परवाना जोडून अपील केलं, नाव पूर्ववत केलं, मग ती परत आली. ते दिवस ऐन हंगामातले होते, अजून जिवाला लागतं.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते वेळेच्या रकान्याने. आम्ही दुकानाच्या वरच राहतो, म्हणून मी ‘24 तास उघडे’ टाकलं होतं. एका रात्री साडेदहाला फोन आला, “ताई, दुकान तर बंद दिसतंय. मोटर घेऊन आलोय.” खाली जाऊन बघते तर शटरसमोर छोटा हत्ती टेम्पो उभा, मागे साडेसात एचपीची मोटर पोत्यावर ठेवलेली. माणूस सावळजहून आला होता. ह्यांनी मोटर उतरवून घेतली, पण आप्पा झोपले होते, त्या रात्री काही होणार नव्हतं. त्याला भाडं पडलं ते पडलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळ साडेआठ ते साडेसात केली. तेव्हापासून दर सणाला विशेष वेळ टाकते. ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, तेव्हा आमच्या रस्त्यावर गाडी येऊच शकत नाही, म्हणून तो दिवस ‘बंद’ दाखवते.

अभिप्रायांबद्दल थोडं सविस्तर सांगते. मोटर नेताना कुणाला अभिप्राय मागत नाही. ती विहिरीत सुटून पाणी चालू झालं की दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवते. पुतण्या म्हणाला होता, अभिप्राय देणाऱ्याला बिलात 50 रुपये कमी करू. ते नियमातही बसत नाही आणि मला पटतही नाही.

एका शेतकऱ्याने दोन स्टार दिले होते: ‘काम बरं आहे पण दोन हेलपाटे झाले.’ आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “खरंय त्याचं. वॉर्निश ओलं होतं म्हणून मीच परत पाठवला.” मी उत्तरात तेच लिहिलं, माफी मागितली, आणि वॉर्निश वाळायला एक रात्र लागते हे माहितीतही घातलं. त्याचे दोन स्टार अजून तसेच आहेत. या छाटणीला तो दुसरी मोटर घेऊन आला आणि पोहोचवतानाच म्हणाला, “उद्या दुपारीच येतो.”

फसवणुकीचे फोन मात्र चुकत नाहीत. “गूगलमधून बोलतोय, लिस्टिंग बंद होणार, पैसे भरा” म्हणणाऱ्याला थेट नाही म्हणा. एकाने शोधात पहिल्या नंबरवर दिसण्याची हमी दिली होती. तो नंबर पैसे देऊन विकत मिळत नाही. शोधलेल्या कामाशी दुकान किती जुळतं, किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे, यावर क्रम ठरतो. म्हणूनच कवठेमहांकाळकडून शोधणाऱ्याला आम्ही अजून खालीच दिसतो. तिथलं दुकान त्याला जवळ पडतं, त्याचंही काम अडत नाही.

आता दर महिन्याला कामगिरीचा भाग उघडून लोकांनी काय शोधलं ते बघते. ‘मोटर वाइंडिंग’ येतंच, पण ‘पाण्याची मोटर दुरुस्ती’ही बरंच दिसलं. आम्ही घरगुती अर्ध्या एचपीची मोटरही करतो हे मी कुठं लिहिलंच नव्हतं. ते लिहिलं, फोटो टाकला, आणि पेठेतल्या बायकांचे फोन यायला लागले.

छाटणी जोरात असल्यामुळे आप्पांनी या दोन आठवड्यांसाठी रात्री साडेनऊपर्यंत बसायचं कबूल केलंय. ती वेळ कालच टाकली.