टिल द क्लाउड्स रोल बाय (१९४६) : गोष्ट सोडा, गाणी बघा, आणि फुकटची प्रिंट तर नकोच

हा सिनेमा मी आधी एकदा फोनवर बघायला घेतला होता आणि अर्ध्यातच बंद केला होता. अमेरिकेत याचा कॉपीराइट रिन्यूच झाला नाही, त्यामुळे कोणीही उठतो आणि कॉपी टाकतो, नेटवर फुकट ढिगाने मिळतो. मी बघितलेली कॉपी इतकी विटकी होती की लाल रंग विटकरी दिसत होता आणि ऑर्केस्ट्रा पाण्याखाली वाजतोय असं वाटायचं. आता वॉर्नरचा ‘क्लासिक म्युझिकल्स फ्रॉम द ड्रीम फॅक्टरी’ नावाचा डीव्हीडी सेट मिळाला, त्यात हाच सिनेमा आहे, आणि टेक्निकलर, म्हणजे त्या काळची भडक रंगांची फिल्म, म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्यामुळे पहिलं सांगणं हेच, की फुकटच्या प्रिंटवरून या सिनेमाबद्दल मत बनवू नका. मी बनवलं होतं आणि ते चुकीचं होतं.

सिनेमा जेरोम कर्न या संगीतकारावर आहे, म्हणजे तसं म्हणायचं. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने त्याची गाणी घेतली, स्टुडिओतले होते नव्हते ते सगळे गाणारे-नाचणारे उभे केले आणि मधे मधे चिकटवायला एक गोष्ट लिहून घेतली. रॉबर्ट वॉकर कर्न झालाय, चांगला नट आहे पण त्याला करायलाच काही दिलेलं नाही, सतत गोड हसतो आणि पियानोपाशी बसतो. त्याचा गुरू म्हणून जेम्स हेसलर नावाचा एक अरेंजर, म्हणजे चालींना वाद्यवृंदात बसवणारा, दाखवलाय, हा माणूस खऱ्या आयुष्यात नव्हताच! त्याची मुलगी सॅली, तिला हवं असलेलं गाणं मोठ्या नटीला देतात म्हणून ती रुसून निघून जाते आणि मग कर्न तिला शोधत फिरतो, यात बराच वेळ जातो आणि यातलं काहीच घडलेलं नाही.

मला याचा खरंच राग येतो, कारण खरा कर्न यापेक्षा कितीतरी इंटरेस्टिंग होता. जुनी दुर्मिळ पुस्तकं जमवायचं त्याला वेड होतं, १९२९ च्या जानेवारीत त्याने तो सगळा संग्रह लिलावात काढला आणि १७ लाख डॉलरच्या वर पैसे आले, आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. पटकथेसाठी आणखी काय पाहिजे होतं? आणि तो एक चाल कशी बांधायचा, कुठे अडायचा, लिहिणाऱ्याशी कशावरून भांडायचा, हे तर सिनेमात कुठेच नाही. गाणी नुसती होतात, झाडाला फळं लागावीत तशी. पहिल्या महायुद्धात बुडवलेलं लुसिटानिया जहाज चुकल्यामुळे तो वाचला हा किस्सा तेवढा घेतलाय.

पण सुरुवात बघा. १९२७ साली ‘शो बोट’ या कर्नच्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग, आणि सिनेमा थेट त्या स्टेजवरच उघडतो, जवळपास पाव तास फक्त शो बोट. त्यात केलेब पीटरसन ‘ओल मॅन रिव्हर’ गातो, कापसाचे गठ्ठे वाहणारा काळा हमाल आणि शेजारून कशाचीच फिकीर नसल्यासारखी वाहणारी मिसिसिपी. आई बाजूला बसली होती, तिला इंग्रजी फारसं कळत नाही, अर्थ काय म्हणाली. मी सांगितला, की माणसं राबून मरतायत आणि नदी आपली वाहतेच आहे, तर ती लगेच म्हणाली, ‘अगं म्हणजे गंगा बहती हो क्यूँ!’ आणि तिचं अगदी बरोबर होतं, भूपेन हजारिका न्यूयॉर्कला शिकत असताना त्यांना हे गाणं पॉल रॉब्सन या काळ्या अमेरिकन गायकाकडून मिळालं आणि त्यातूनच पुढे ते आसामी गाणं झालं, मग हिंदी. मी ते सांगितल्यावर आईने तेवढा भाग मागे करून परत लावायला लावला.

त्याच भागात लीना हॉर्न ही काळी गायिका ज्युलीचं गाणं म्हणते. ज्युली म्हणजे गोरी म्हणून वावरणारी मिश्र वंशाची नटी, आणि लीना हॉर्नने ती काही मिनिटांत अशी उभी केलीय की नजर हलत नाही. १९५१ ला एमजीएमने आख्खा ‘शो बोट’ काढला तेव्हा हा रोल लीनाला हवा होता पण दिला एवा गार्डनरला, आणि तिच्या गाण्यांना आवाज दुसरीचाच. लीनाची गाणी बऱ्याच सिनेमांत मुद्दाम कथेपासून सुटी ठेवायचे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे काळ्या कलाकारांना पडद्यावर बघणं चालत नसे, तिथल्या थेटरांत कापून टाकता येतील. हे माहीत झाल्यावर हा तुकडा नुसती करमणूक म्हणून बघताच येत नाही.

बाकी गाण्यांत जुडी गार्लंड भांडी घासत गाते ते चुकवू नका. ती तेव्हा गरोदर होती, तिची मुलगी लायझा पोटात होती, म्हणून पुढे ताटल्यांचा एवढा मोठा ढीग लावलाय. तिचा भाग तिचा नवरा, दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेलीने केलाय आणि ते कळतं, कॅमेरा तिथे एकदम जिवंत होतो. अँजेला लान्सबरी झोपाळ्यावर बसून स्वतःच्या आवाजात गाते, मस्त.

आणि मग शेवट. तेच ‘ओल मॅन रिव्हर’ पुन्हा येतं, पण आता फ्रँक सिनात्रा, पांढरा सूट, पांढरा चकचकीत स्टेज. आवाज सुंदर आहे, श्वास कुठे घेतो तेसुद्धा कळत नाही, पण हे गाणं घामाचं आहे हो, हमालाच्या पाठीचं आहे, आणि ते असं धुऊन इस्त्री करून ठेवलेलं बघून मला वाईट वाटलं. एकाच सिनेमात एकच गाणं दोन टोकांना, पहिलं खरं आणि दुसरं नुसतं देखणं. सिनेमा बनत असतानाच, ११ नोव्हेंबर १९४५ ला कर्न गेला, साठ वर्षांचा होता, त्यामुळे हा शेवट त्याने बघितलाच नाही.

सव्वादोन तासांचा आहे, पहिला पाव तास सलग बघा, पुढे सॅली रुसली की खुशाल फॉरवर्ड करा, गाणं आलं की थांबा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन गाण्यांचे आणि अर्धा डीव्हीडीच्या रंगांचा.

आता पुढे ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ बघणार आहे, गर्श्विन या दुसऱ्या अमेरिकन संगीतकारावरचा, १९४५ चा. त्यातही नायकाला दोन काल्पनिक प्रेयसी चिकटवल्यात म्हणे, पण ‘समरटाइम’ गायलीय अ‍ॅन ब्राउन, जी त्याच्या मूळ ‘पोर्गी अँड बेस’ नाटकातली पहिली बेस, म्हणजे नायिका, होती, तेवढ्यासाठी तरी बघायलाच हवा.