आजीचं गोंदण न पुसणारं ठाण्यातलं स्कॅनिंगचं दुकान

जुने फोटो स्कॅन करून देणारं ठाण्यात चांगलं कोण आहे हे मला सारखं विचारलं जातं, कारण माहेर नवी मुंबईतलं दिवाळे गाव आणि सासर ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, दोन्हीकडच्या घराघरातून मी फोटो, लाँचची तिकिटं, लग्नपत्रिका, मिठागराच्या पावत्या, मच्छीमार सोसायटीचे कागद असलं सगळं गोळा करत असते. तर एकदाच नीट लिहिते. दुकान गावदेवी मैदानाच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. दुकानाचं नाव देत नाहीये, चालवणाऱ्या काकांनीच सांगितलं की हातातलं काम आधीच तुंबलंय, नाव सगळीकडे फिरवू नका. पण मी तिथे काय बघितलं ते वाचलंत तर तुमच्या जवळच्या दुकानातही नेमकं काय विचारायचं ते कळेल.

आधी मी एका मॉलमधल्या काउंटरवर गेले होते. आजीचा तरुणपणीचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो दिला. परत आला तो एकदम चकाचक, रंगीत, चेहरा गुळगुळीत, पण कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गायब! सॉफ्टवेअरने ते डाग समजून साफ करून टाकलं होतं. डोळेसुद्धा तिचे नव्हते, कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचे वाटत होते. आजीने तो फोटो हातात घेतला, बघितला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. मला फार लागलं ते. ओरिजिनल शाबूत होता म्हणून बरं.

या दुकानात काकांनी सगळ्यात आधी हेच विचारलं की तुम्हाला फोटो "छान" करून पाहिजे का आहे तसा पाहिजे. आहे तसा म्हटल्यावर 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन, एक टिफ फाइल ठेवायला आणि एक जेपेग व्हॉट्सॲपवर पाठवायला. 4 बाय 6 इंचाचा फोटो 600 ला म्हणजे 2400 बाय 3600 पिक्सेल होतो, मोठी प्रिंट काढायला पुरतो, आणि ते पासपोर्टएवढे बारके फोटो असतात ते त्यांनी 1200 ला केले. रिपेअर पाहिजे असेल तर वेगळ्या कॉपीवर, आणि कुठला डाग काढायचा ते तुम्हाला विचारून. गोंदणाला हात लावला नाही, साडीवरची घडीची रेषपण तशीच ठेवली.

पण हे दुकान मला आवडलं ते खरं म्हणजे फोटोच्या पाठीमुळे. प्रत्येक फोटो उलटा करून पाठसुद्धा स्कॅन करतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, पेपर कंपनीचं नाव असतं, कधी कोणीतरी पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं असतं. आमच्याकडे एक फोटो होता, रांगेत बसलेल्या बायका, मागे फलक अर्धवट दिसतोय, घरात सगळे म्हणायचे कुठल्यातरी लग्नातला असेल. पाठीवर पुसट पेन्सिलने "जासई, जाने. 84". काकांनी लाइट तिरका धरून वाचून दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. 1984 च्या जानेवारीत उरणकडच्या जासईला, सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) घेतलेल्या जमिनींसाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्या दिवसांतला फोटो. ज्या फोटोला आम्ही लग्नाचा म्हणत होतो तो! मॉलमधल्या मशीनमधून गेला असता तर पाठ कोणी बघितलीच नसती.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की फोटो घेऊन एकटे जाऊ नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. काका स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवतात आणि विचारतात हा कोण, ती कोण, मागे दिसतंय ते कुठलं, आणि जे सांगाल ते फाइलच्या आत कॅप्शन म्हणून टाकून देतात, म्हणजे फोटो कुठेही कॉपी झाला तरी नावं सोबत जातात. आमच्या आजीला एक होडीचा फोटो दाखवला तर ती खुर्चीतून उठलीच, "आगं बाय, ही तं आपली होरी!" आणि मग ती होडी कोणाकडून घेतली, कोण वल्हवायचं, खाडीत बोईट आणि चिंबोऱ्या किती मिळायच्या, सगळं आलं. मागच्या पारसिकच्या डोंगराच्या उतारावरून तिने फोटो कुठून काढला असेल तेपण सांगितलं. आता त्या दिशेला बिल्डिंगाच आहेत.

आपल्या भागात हे करणं फार गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं. 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जागेवर नवी मुंबई शहर उभं राहिलं. वाशीचा पहिला पूल 1973 चा, रेल्वे वाशीला आली 1992 मध्ये. म्हणजे आज सत्तरी पार केलेल्या माणसांनी खाजण, भातशेती, मिठागरं, होडीने ये-जा हे सगळं स्वतः बघितलंय, आणि त्याचे फोटो आहेत ते त्यांच्याच पेटीत, पत्र्याच्या डब्यात. लग्नाचे फोटो लोक जपतात हो, पण अंगणात जवळा सुकत घातलाय, बाई पाटी घेऊन बाजाराला निघालीय, पोरं बांधावर बसलीत, असले फोटो "काय कामाचे" म्हणून जातात रद्दीत. मला तेच पाहिजे असतात. काकांनाही, हे बघून बरं वाटलं, कारण त्यांनी हे फोटो लग्नाच्या फोटोंएवढ्याच काळजीने हाताळले.

निगेटिव्हसाठी तर नक्की जा. चुलत सासऱ्यांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, 120 चा रोल, एका रोलवर 12 फोटो, चौकोनी. त्यातल्या कित्येक निगेटिव्हच्या प्रिंट कधी काढल्याच नव्हत्या, पैसे लागायचे ना तेव्हा. त्यात चेंदणीचा खाडीकिनारा निघाला, जाळं विणत बसलेली माणसं निघाली, घरच्यांपैकी कोणीच तो फोटो आधी बघितलेला नव्हता. काका निगेटिव्ह फडक्याने पुसत नाहीत, ब्लोअरने धूळ उडवतात आणि कडेला धरतात. एका पाकिटाला व्हिनेगरसारखा वास येत होता ते त्यांनी लगेच बाजूला काढलं. फिल्म कुजायला लागली की असा वास येतो आणि शेजारच्या फिल्मलाही त्याचा त्रास होतो, दमट हवेत तर लवकर. तुमच्या घरी असा वास आला तर ते आधी स्कॅन करून घ्या, बाकीचं नंतर.

काचेला चिकटलेली फ्रेम होती एक, ती सोडवायला त्यांनी साफ नकार दिला. दोन बाजूंनी लाइट लावून काचेवरूनच कॅमेऱ्याने कॉपी केली, चमक अजिबात नाही. ओढून काढली असती तर चेहऱ्याचा थर काचेवरच राहिला असता. ते चिकट पानांचे प्लास्टिकवाले अल्बम आहेत ना, 80-90 च्या काळातले, त्यातले फोटो बारीक दोऱ्याने हळूहळू सोडवून दिले, आणि परत त्याच अल्बममध्ये लावू नका म्हणून बजावलं. त्या काळातले रंगीत फोटो लाल पडतात कारण आतला निळसर रंग आधी उडतो, स्कॅन करून तो बराचसा सुधारता येतो. ब्लॅक अँड व्हाइट त्यामानाने खूप टिकाऊ.

कागदांचं कामही चांगलं. पेपरची कात्रणं फोटोंपासून वेगळी ठेवायची, त्या कागदात आम्ल असतं. आणि हल्लीची तिकिटं, बिलं थर्मल कागदावर असतात, ती थोड्या वर्षांत कोरी होतात, म्हणून ताज्या ताज्या लाँचच्या तिकिटाचाही फोटो काढून ठेवा. मी आता नारळी पौर्णिमेची पत्रिका, क्रिकेट टुर्नामेंटची पावती, दिवाळ्याच्या मासळी बाजारातले भाव लिहिलेला पुठ्ठा, सगळं तसं ठेवते.

आता न पटलेलं. काम फार हळू होतं, सांगितलेली तारीख हमखास पुढे जाते आणि फोन उचलत नाहीत. जिना उभा आहे, लिफ्ट नाही, आजीला चढवताना नाकी नऊ आले, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी खाली बसायला साधी खुर्ची तरी पाहिजे. ए फोरपेक्षा मोठं काही असेल, नकाशा वगैरे, तर तुकड्यात करून जोडतात, ते जोड बारकाईने बघा, आमच्या एका नकाशात रेषा सरकली होती, दाखवल्यावर परत करून दिलं. प्रिंटमागे 15 रुपये, निगेटिव्हला जास्त. मॉलपेक्षा महाग आहे पण मला ते जड वाटलं नाही.

जायचं असेल तर पावसाच्या आधी जा, पावसाळ्यात काका ओलसर अल्बम उघडायलाच नको म्हणतात. फोटो प्लास्टिकच्या पिशवीत नको, कागदी पाकिटांत, प्रत्येक पाकिटावर घराचं नाव लिहून. नवी मुंबईकरांनी गाडी काढू नका, तिथे पार्किंग मिळत नाही, ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला उतरून चालत जाता येतं.