दांडिया बाजार, बडोदा: जुने काचेचे ग्लास पारखून देणारे दुकान

घरात वाडवडिलांचे काचेचे ग्लास पडून असतील आणि ते किती जुने, कुणाकडचे, हे जाणून घ्यायचं असेल, तर दांडिया बाजारातल्या या दुकानात जरूर जा. पाटी नाही. दारात पितळी समया आणि हंड्या टांगलेल्या दिसल्या की तेच.

मी सासूबाईंचे दांडीचे सहा ग्लास नेले होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने नुसते फोटो बघून 'फ्रान्सचे बाकारा', म्हणजे तिथल्या बाकारा या काच कंपनीचे, असं सांगितलं होतं, आणि आमच्या घरीही तीच समजूत. दुकानाच्या काकांनी कंपनीचा विषयच काढला नाही. ग्लास उलटा करून तळाच्या मधोमध बोट फिरवलं, मग मला म्हणाले, "ताई, तुम्हीही फिरवून बघा." चार ग्लासांना तिथे अंगठा बसेल असा गुळगुळीत खोलगट भाग लागला. हाताने फुंकलेला ग्लास तळाशी लोखंडी कांबीला चिकटवून धरतात आणि मग त्याचा काठ घडवतात. शेवटी कांब तोडली की खरखरीत व्रण राहतो. तो घासून चकचकीत केला की असा खळगा होतो. १८ व्या शतकातल्या साध्या ग्लासांवर व्रण बहुधा तसाच सोडलेला असतो. पण खळगा नाही म्हणजे ग्लास नवाच, असंही नाही. १९ व्या शतकाच्या मध्यानंतर कांबीऐवजी तळ पकडणारा चिमटा वापरात आला, त्याचा व्रण राहतच नाही.

उरलेल्या दोन ग्लासांच्या दांडीवर मात्र केसाएवढी उभी रेघ होती, साच्याच्या जोडाची. काकांनी शेजारी येरा कंपनीचा साधा ग्लास ठेवला, आपल्या बडोद्याचाच, आणि त्यावरचा जोड दाखवला. फुटलेल्यांच्या जागी नंतर कुणीतरी हे दोन आणले असणार. इतकी वर्षं ते आमच्या कपाटात बेमालूम बसले होते.

मग भिंग हातात दिलं. त्या चार ग्लासांच्या तळाच्या कडेवरचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांचे होते, काही खोल, काही पुसट. जुना दिसावा म्हणून कुणी पॉलिशपेपरने घासला असता, तर ते एकाच दिशेने गेले असते. नक्षीच्या कडाही बोटाला टोचतात, म्हणजे चाकावर धरून कापलेल्या. साच्यात दाबलेल्या नक्षीच्या कडा बोथट असतात.

सगळ्यात आवडली ती आतली अंधारी खोली. तिथे लघुलहरींचा अल्ट्राव्हायोलेट दिवा आहे. तो लावताच चारही ग्लास फिकट निळे उजळले. ही शिशाची, म्हणजे शिसं मिसळून केलेली काच. तिचं पेटंट जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने लंडनमध्ये १६७४ साली घेतलं. टिचकी मारल्यावर तिचा नाद लांबतो, हे आपण सगळेच करून बघतो, पण दिव्याखाली शंकाच उरत नाही.

निकाल असा: चार ग्लास युरोपातले, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातले. कंपनी? "पुरावा असेल तरच नाव घेईन." बाकारा ग्लासांवर आम्लाने कोरलेला शिक्का नियमितपणे मारू लागली ती १९३६ पासून. त्याआधी कागदी लेबलं असत, ती पहिल्या धुण्यातच जायची. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचं दुकान कलकत्त्यात होतं आणि संस्थानिक तिचे मोठे गिऱ्हाईक. तेव्हा आमचे ग्लास तिकडूनही आलेले असू शकतात. नाव छातीठोकपणे सांगता येतं ते शिक्का असला तर. काकांनी स्वतःकडचा एक दाबीव इंग्रजी ग्लास दाखवला, त्यावर डिझाइन नोंदणीचा चौकोनी, हिऱ्याच्या आकाराचा शिक्का आहे. हा शिक्का १८४२ ते १८८३ या काळातला, आणि त्याच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नोंदणीची तारीख निघते. नोंदवही तपासली की नोंदवणाराही सापडतो.

इतका सचोटीने पारखणारा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही. ग्लासामागे शंभर रुपये घेतात, ते अगदीच कमी वाटले. उणीव एकच, लेखी काही देत नाहीत. विम्यासाठी किंवा वाटणीसाठी कागद हवा असेल तर अडचण होते. माझ्या मते त्यांनी निदान एका ओळीची चिठ्ठी द्यावी.

दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळी जा. ग्लास एकात एक घालून नेऊ नका, प्रत्येक वेगळा जुन्या धोतरात गुंडाळा. आणि नेण्याआधी तळ तारेच्या काथ्याने मुळीच घासू नका, नाहीतर भिंगाखाली तुमचेच ओरखडे दिसतील.