ॲक्सिलरेटर शोधायचा नकाशा वापरून बघितला, सांगलीतून

आमच्या कॉलेजात एमएस्सी फिजिक्सच्या पोरांना दरवर्षी एकच अडचण येते, सॅम्पल तयार असतं पण त्यावर आयन बीम (चार्ज असलेल्या अणूंचा झोत) नाहीतर इलेक्ट्रॉन बीम मारून घ्यायला पाठवायचं कुठं? आणि दरवर्षी आम्ही तीच दोन नावं सांगून मोकळे होतो. यंदा म्हटलं नीट बसून शोधायचं, महाराष्ट्र आणि आजूबाजूची राज्यं धरून पार्टिकल ॲक्सिलरेटर, म्हणजे अशा कणांना प्रचंड वेग देणारी मशीन, कुठंकुठं आहेत त्याची यादीच करायची.

आधी मोबाईलवरच्या नेहमीच्या मॅपवर टाकलं. नुसतं ॲक्सिलरेटर टाकलं की गाड्यांच्या केबलची दुकानं येतात, आणि पुण्यामुंबईतले स्टार्टअप ॲक्सिलरेटर. पुढं पार्टिकल जोडलं, लॅब जोडलं, तरी कामाचं काही हाताला लागेना. अख्खी संध्याकाळ गेली त्यात.

मग आयएईएचं ॲक्सिलरेटर नॉलेज पोर्टल उघडलं. आयएईए म्हणजे व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था. पैसे नाहीत, जगाचा नकाशा आहे, त्यावर ठिपके, झूम करत जायचं. मला हे मनापासून आवडलं, कारण इथं मशीनचा प्रकारही कळतो आणि आमचं सगळं घोडं तिथंच अडलेलं असतं. स्थिर मोठ्या व्होल्टेजनं कण ढकलणारं इलेक्ट्रोस्टॅटिक वेगळं, गोल रिंगमधनं फिरवणारं सिंक्रोट्रॉन वेगळं. पोरांना वाटतं ॲक्सिलरेटर म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा २७ किलोमीटरचा बोगदा, आणि इथं मुंबईवर झूम केलं की ते बघतच राहतात, मॅडम, कुलाब्यात आहे हे?

आहे ना. टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआरचं मिळून पेलेट्रॉन नावाचं ॲक्सिलरेटर आहे, १९८८ पासून. त्याचं काम मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. उभी उंच टाकी, आत मधोमध १४ मिलियन व्होल्टपर्यंत जाणारं टर्मिनल. धातूच्या छोट्या गोळ्या नायलॉनच्या दुव्यांनी ओवून केलेली साखळी फिरत असते, ती चार्ज वर वाहून नेते, या गोळ्यांवरनंच पेलेट्रॉन हे नाव पडलं. निगेटिव्ह आयन टर्मिनलकडं ओढला जातो, तिथं पातळ फॉइलमधनं जाताना त्याचे इलेक्ट्रॉन निघून जातात, तो पॉझिटिव्ह होतो आणि तेच टर्मिनल आता त्याला पुढं ढकलतं. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा! हे समजलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, मला दरवेळी तेवढाच आनंद होतो.

आता शोधताना उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. आपल्याकडं लॅबच्या नावात ॲक्सिलरेटर हा शब्द असेलच असं नाही, लोक मशीनच्या नावानं ओळखतात. त्यामुळं पेलेट्रॉन, मायक्रोट्रॉन, टँडेट्रॉन, सायक्लोट्रॉन, लिनॅक (सरळ रेषेत वेग देणारं मशीन) असं एकेक टाकून शोधा, मग भराभर सापडतं. ट्रॉम्बेत बीएआरसीत फोटिया आहे, जुन्या व्हॅन डी ग्राफवरनं केलेलं ६ मिलियन व्होल्टचं मशीन. खारघरला इलेक्ट्रॉन बीम सेंटर. आणि इंदूरला अणुऊर्जा खात्याचं आरआरकॅट हे संशोधन केंद्र, तिथं इंडस-१ आणि इंडस-२ असे दोन सिंक्रोट्रॉन, इंडस-२ च्या रिंगचा घेर १७२ मीटर, ऊर्जा २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक). दिल्लीचं आययूएसी (इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर) लांब पडतं पण यूजीसीनं ते युनिव्हर्सिट्यांसाठीच काढलंय, प्रपोजल पाठवून बीम टाइम, म्हणजे मशीन वापरायची वेळ, मागता येतो, आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांनी हे डोक्यात ठेवावं.

दुसरी युक्ती, रिसर्च पेपर उघडून शेवटचे आभार वाचायचे. बीम कुठनं घेतला ते तिथं लिहिलेलं असतं. असंच बघताना पुणे युनिव्हर्सिटीच्या फिजिक्स डिपार्टमेंटचं ६ एमईव्हीचं (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन बऱ्याच पेपरांत दिसलं, आणि मंगळूर युनिव्हर्सिटीचं ८ एमईव्हीचं मायक्रोट्रॉनसुद्धा. आम्हाला सांगलीतनं पुणंच बरं, सकाळी निघून रात्री घरी.

एका गोष्टीसाठी मात्र हा नकाशा उघडू नका, हॉस्पिटलातल्या मशीनसाठी. वर्गात यादी दाखवत होते तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, मॅडम, आईला लाइट द्यायला न्यायचो तिथं दारावर लिनॅक लिहिलं होतं, ते पण हेच का? हो बाळा, तेच. इलेक्ट्रॉनला वेग देऊन टंगस्टनवर आदळवतात, एक्स-रे निघतात, ते गाठीवर. तिनं वहीत काढून घेतलं सगळं, टंगस्टनच्या जागी दोनदा रेघ मारली. मला तेव्हापासनं वाटतंय की ही यादी पोरांना लांबच्या मशीनपासनं नाही, इथनंच सुरू करून द्यायला पाहिजे. रेडिओथेरपी सेंटरसाठी आयएईएचीच डिरॅक नावाची वेगळी डिरेक्टरी आहे, १९५९ पासनं चालू आहे, कुठल्या देशात अशी किती मशीन्स आहेत ते तिथं बघायचं. पेट स्कॅनच्या औषधासाठी लागणारे मेडिकल सायक्लोट्रॉन आणखी वेगळे, त्यातलं फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून सायक्लोट्रॉनपासनं हॉस्पिटल फार लांब असून चालत नाही.

शोधायला हा नकाशा एकदम चांगला, पाचपैकी पाच देईन. फक्त ठिपका सापडला म्हणजे सॅम्पल पोचलं असं नव्हे, मशीन सध्या चालू आहे का, बाहेरच्यांना बीम देतात का, हे त्या त्या डिपार्टमेंटलाच विचारायला लागतं, आणि अणुऊर्जा खात्याच्या आवारात तर परवानगीशिवाय गेटच्या आत घेत नाहीत, तेव्हा कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र आधी तयार ठेवा.

आम्ही पुण्याला गेल्या सोमवारी मेल टाकलाय, सोबत सॅम्पलची जाडी आणि किती डोस (सॅम्पलला किती मारा) पाहिजे ते लिहून. उत्तर आलं की इथंच खाली लिहीन.